बरणीची हुकमत

ताटाच्या उजव्या बाजूला भाज्या, आमट्या आणि पक्वान्ने यांची जी मांदियाळी बसते, तिच्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्यात गैर काही नाही. ज्याचा आकार मोठा त्याचा बहुमान मोठा, हा न्याय दरबारात चालतो तसा पंगतीतही चालतो. परंतु डाव्या बाजूला, मिठाच्या आणि लिंबाच्या फोडीच्या शेजारी, चटणी-कोशिंबिरीच्या आडोशाने जो तांबूस ऐवज अंगठ्याएवढ्या जागेत अंग चोरून बसलेला असतो, त्याचा अधिकार ज्याच्या ध्यानात आला नाही त्याला मराठी घराचा कारभार उमगला असे म्हणता येणार नाही. जिलेबी कमी पडली तर पाहुणा मनातल्या मनात हिशेब करतो आणि सोडून देतो. लोणचे वाढायचे राहिले तर मात्र तो काही मागत नाही, मान वर करीत नाही, केवळ त्याची बोटे पानाच्या डाव्या कोपऱ्यात एकवार उगीच फिरून येतात. आणि वाढणाऱ्या बाईच्या नजरेस ते पडताच स्वयंपाकघरात जी धावपळ उडते, ती मी पक्वान्नासाठी कधी उडालेली पाहिली नाही.

लोणच्याची नोंद आपण चवीच्या खात्यात करतो, ही जुनी वहिवाट आहे. माझे मत असे की ती अंमलदारीच्या खात्यात व्हावी. घरातील खरी सत्ता कोणाच्या हाती आहे हे तिजोरीच्या किल्ल्यांवरून कळत नाही, कारण बहुतेक मध्यमवर्गीय घरांतल्या तिजोरीत किल्ली फिरविण्याचे श्रम वाया जावेत इतकाच ऐवज असतो. ते कळते बरणीचा दादरा सोडण्याची मुखत्यारी कोणाकडे आहे यावरून. कर्ता पुरुष कागदोपत्री घराचा मालक असेल, सातबाऱ्यावर त्याचे नाव असेल, बाहेर त्याच्या शब्दाला चार माणसांत वजन असेल. परंतु फळीवरच्या चिनी मातीच्या बरणीपुढे तो अर्जदार असतो आणि अर्जदारच राहतो, आणि त्याच्या अर्जावर “आत्ता नको, तुझा हात ओला आहे” असा शेरा पडून प्रकरण दप्तरी दाखल होते.

या राज्याच्या वर्षाचा आरंभ ज्येष्ठात होतो, आणि आरंभालाच राज्यात दुफळी माजते. एका पक्षाचे म्हणणे असे की मृग लागण्याच्या आत, म्हणजे जूनचा पहिला आठवडा उलटण्यापूर्वी, बरण्यांची तोंडे बांधली गेलीच पाहिजेत, कारण एकदा हवेत ओल आली की मीठ पाझरू लागते, आणि मीठ पाझरले की सारेच पाझरते. दुसरा पक्ष तितक्याच ठामपणे सांगतो की पहिला पाऊस अंगावर घेतल्याशिवाय कैरी भरत नाही, तिची कोय टणक होत नाही, आणि उन्हाळ्यातल्या कोवळ्या कैरीच्या लोणच्याचा दिवाळीपर्यंत लगदा होतो. दोन्ही पक्षांपाशी पिढ्यान्‌पिढ्यांचे दाखले आहेत, दोन्ही पक्षांची लोणची टिकतात, आणि त्यामुळे हा वाद कधी निकालात निघण्याची भीती नाही. ज्या घरात सासू एका पक्षाची आणि सून दुसऱ्या पक्षाची असते, तेथला सुज्ञ पुरुष मेअखेरीस एकदा आणि जूनच्या मध्यास एकदा अशा दोन खेपा मुकाट्याने करतो, आणि दोन्ही बरण्यांची चव एकच लागते हे गुपित मरेपर्यंत फोडीत नाही.

खेपा करणे हाच काय तो या खात्यातला पुरुषांचा हक्क. पुण्याच्या मंडईत, १८८६ साली रे साहेबांच्या नावाने उघडलेल्या आणि पुढे महात्मा फुल्यांच्या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या त्या दगडी इमारतीच्या अवतीभवती, या दिवसांत कैऱ्यांचे हिरवे ढीग लागतात, आणि प्रत्येक ढिगामागे बसलेली बाई आपला माल खाण्याच्या लायकीचा नसल्याची ग्वाही देत असते. “दगड हाय दादा, दगड! नख लावून बघा.” खाद्यवस्तूची अशी स्तुती दुसऱ्या कोणत्याही बाजारात विक्रेत्याच्या अंगलट आली असती, येथे मात्र कठीणपणा हा गुण, आंबटपणा हे शील, आणि देठापाशी दिसणारी पिवळेपणाची पुसट छटा हा कलंक. ज्या हापूसच्या पेटीपुढे चैत्रात गिऱ्हाईक पाकीट हातात धरून उभे राहते, त्याला या ढिगांत कोणी विचारीत नाही. येथे मान रायवळाला आणि राजापुरीला. गिऱ्हाईक म्हणून आलेला पुरुष कैरी हातात तोलतो, वास घेतो, शेजारच्या ढिगाकडे तुच्छतेने पाहतो, आणि आपल्याला यातले सारे कळते असा चेहरा करून बाईने ज्या कैऱ्या पिशवीत टाकायच्या ठरविल्या असतील त्याच घेऊन घरी येतो.

घरी तपासनीस बसलेले असतात. आमच्या आजीची रीत अशी होती की पिशवी उपडी केल्याबरोबर ती एकच कैरी उचली, विळीवर उभी चिरी, पातळ काप जिभेवर ठेवी आणि डोळे मिटी. आठ्या कपाळाच्या वरच्या टोकापर्यंत गेल्या तर माल मंजूर. त्या भुवयांपाशीच थबकल्या तर “ही आंबट नाही, नुसती रुसलेली आहे” असा निकाल लागे, आणि त्या खेपेची रवानगी पन्ह्याकडे, मेथांब्याकडे किंवा शेजारणीकडे होई. मंजूर माल धुऊन, फडक्याने कोरडा करकरीत पुसून अडकित्त्याखाली जाई. हे काम विळीचे नव्हे. लाकडी पाटावर बसविलेला भलाथोरला अडकित्ता त्यासाठी लागतो, आणि ज्यांच्या घरी तो नसेल त्यांना मंडईतच चार पैसे देऊन कैऱ्या फोडून घ्याव्या लागतात. कोय दुभंगली पाहिजे, आतली बी निघाली पाहिजे, आणि प्रत्येक फोडीच्या पाठीशी बाठ्याचा तुकडा राहिला पाहिजे. कारण पाठीशी बाठा असलेली फोड वर्षभर ताठ उभी राहते, आणि बिनबाठ्याची चार महिन्यांत शरण जाते. (सरकारी नोकरीतही याचा अनुभव येतो, पण तो विषय वेगळा.)

यापुढे जे शास्त्र सुरू होते त्याला आजीच्या मुखी नाव नव्हते, कलमे मात्र होती. चार वाट्या फोडींना एक वाटी मीठ, हे पहिले कलम, आणि त्यात कोणालाही सूट नाही. रक्तदाब वाढलेल्या कुटुंबप्रमुखाने दर वर्षी “यंदा मीठ जरा बेतानं” अशी तोंडी विनंती करावी आणि ती दर वर्षी फेटाळली जावी, असा शिरस्ता आहे. आणि हा निकाल कितीही निष्ठुर वाटला तरी शास्त्राला धरून आहे. लोणच्यातले मीठ जिभेसाठी नसून पहाऱ्यासाठी असते. फोडीतले पाणी ते ओढून बाहेर काढते, ते पाणी मसाल्यात मिसळून खार सुटतो, आणि त्या खारात चुकून उतरलेल्या जंतूच्या अंगातले पाणीही त्याच रीतीने ओढले जाऊन त्याचा वंशविस्तार खुंटतो. कैरीची आम्लता या बंदोबस्ताला जोड देते, सामू ४.६च्या खाली गेला की बोट्युलिनम नावाच्या, अन्नविषबाधेतल्या अत्यंत भयंकर जंतूलाही तेथे वाढता येत नाही. वरून फोडी बुडून दोन बोटे राहील इतके तेल घातले की हवेचा रस्ता बंद होतो, आणि बुरशी कितीही बेरकी असली तरी हवेवाचून तिचे चालत नाही. मोहरीची कामगिरी याहून नाजूक. दाणा अखंड असतो तोवर ती अगदी निरुपद्रवी. तिची डाळ भरडली आणि तिला ओल लागली की दाण्यात आजवर वेगवेगळ्या खोल्यांत राहणारे एक द्रव्य आणि एक विकर यांची गाठ पडते, आणि त्यातून जो तिखट अंश उठतो तोच नाकातून मस्तकात जातो आणि तोच जंतूंनाही नको होतो. हे विकर उष्णतेने निकामी होते, म्हणून हिंग-मोहरीची फोडणी कडकडीत करून, पूर्ण गार झाल्यावरच ओतायची. आजीला विकर ठाऊक नव्हते. “गरम ओतलंस की मोहरी मेली,” एवढे तिला ठाऊक होते, आणि रसायनशास्त्राला ही गोष्ट याहून थोडक्यात अद्याप सांगता आलेली नाही.

या कलमांच्या आडून काही बेकायदा पुरवण्याही घुसविल्या गेल्या, हे सांगितले पाहिजे. बरणी उन्हात वाळवावी, तिला हिंगाची धुरी द्यावी, चमचा कोरडा असावा, दादरा स्वच्छ धुतलेल्या पांढऱ्या फडक्याचा असावा, हे नियम शास्त्राचे. परंतु महिन्याच्या त्या चार दिवसांत बाजूला बसलेल्या बाईची सावली पडली तर बरणी नासते, हा नियम कोणत्या शास्त्राचा? जिने कैऱ्या पुसल्या, मोहरी भरडली, फोडींना मीठ-हळद चोळून त्या रात्रभर राखल्या, तीच बाई पुढच्या आठवड्यात बरणीला जंतूहून घातक कशी होते, याचा खुलासा सोवळ्याच्या कोणत्याही पंडिताने केलेला माझ्या ऐकिवात नाही. बुरशीला पंचांग वाचता येत नाही. मला वाटते, यामागचे कारण शुद्ध राजकीय असावे: बरणी नासली की खापर फोडण्यासाठी एक डोके लागते, आणि मीठ भरताना आपलाच हात आखडला होता हे कबूल करण्यापेक्षा सुनेकडे बोट दाखविणे हे कोणत्याही राजवटीत अधिक सोयीचे असते.

सत्ता म्हटली की तिची सनद कोठेतरी लिहिलेली असावी, अशी आपली अपेक्षा असते. लोणच्याच्या बाबतीत लिहिणाऱ्यांनी कसूर केलेली नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली छापून निघाले, म्हणजे आपल्याकडे पाककृती छापील होऊन दीड शतक लोटले. आणि १९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने वाटी आणि चमचा ही दोन मापे घरोघर पोहोचवून, ज्यांना सासर परगावी आणि माहेर त्याहून दूर, अशा कितीतरी नवपरिणीत मुलींना अभय दिले. पण बरणीच्या गादीवर बसलेली बाई या छापील कायद्याला जुमानीत नाही. तिच्या राज्यात माप चालत नाही, अंदाज चालतो. नवी सून वही-पेन्सिल घेऊन समोर बसते.

“आई, तिखट किती घालायचं?”

“रंग येईल इतकं.”

“आणि मेथी?”

“कडू लागणार नाही इतकी.”

“तेल?”

“बुडेल इतकं.”

“हिंग तरी सांगा.”

“हिंगाचं काय सांगायचं! बेतानं घालावा.”

सून हे सारे इमानाने उतरवून घेते, आणि रात्री वही उघडून पाहते तो पानावर संख्या म्हणून एकही नसते. हे अज्ञान आहे असे समजण्याची चूक कोणी करू नये. ज्या बाईला दुधाचा हिशेब पैशापर्यंत तोंडपाठ असतो, तिला मेथी किती चमचे पडली हे सांगता येत नाही, यावर कोण विश्वास ठेवील? मेथीचे दाणे तेलात किती तांबूस झाले की उतरायचे, हे ती डोळ्यांनी दाखवील, परंतु आकड्याने सांगणार नाही. कारण आकडा सांगितला की मुखत्यारी गेली. जुन्या संस्थानांत दिवाणजी महत्त्वाचे कागद स्वतःच्या कमरेला ठेवीत, त्यातलाच हा प्रकार.

एक दिवस मात्र असा येतो की त्या दिवशी या राज्यात सर्वांना समान हक्क मिळतात. फोडी, मसाला आणि गार तेल परातीत कालवून झाले, बरण्या भरल्या गेल्या, त्यांच्या तोंडावर दादरे आवळले गेले, की परात रिकामी होते. रिकामी म्हणजे तिच्या काठाला आणि तळाला तांबडा खार, मोहरीची डाळ आणि तेलाचा थर लागून राहिलेला असतो, आणि तो पाण्याने धुऊन टाकणे हे ज्या घरात घडेल त्या घराशी सोयरीक करू नये. चुलीवरून उतरलेला वाफाळता भात त्या परातीत लोटतात. घरातील कर्ती बाई तो आपल्या हाताने कालवते, परातीच्या कडा भाताने पुसून घेते, आणि भोवती बसलेल्या लहानथोरांच्या तळहातावर एकेक गोळा ठेवते. लोणचे अजून मुरलेले नसते. मीठ सुटे लागते, मोहरी थेट टाळूत चढते, फोड दाताखाली करकरते, डोळ्यांना पाणी येते, आणि तरीही दुसऱ्या गोळ्यासाठी हात पुढे जातो. एरवी तिखटाचे नाव काढू न देणारे आजोबाही तेथे बसतात. वैद्यांनी त्यांना जे जे वर्ज्य सांगितलेले असते ते सर्व त्या एका गोळ्यात हजर असते, आणि आजी त्या दिवशी वैद्यांचे नाव काढीत नाही. मुरलेल्या लोणच्याची थोरवी मला मान्य आहे. पण कोणी मला विचारलेच, तर माझे मत परातीतल्या भाताच्या पारड्यात पडेल. दुर्दैवाने हा भात वर्षातून एकदाच होतो, आणि बाजारात मिळत नाही.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पूर्ववत अंमल. बरणी फळीवर चढते, आणि “मुरू दे” या दोन शब्दांवर सारे घर थोपवून धरले जाते. दिवसातून एकदा दादऱ्यावरून कान लावल्यासारखे करून कोणीतरी जाते. मधूनच कर्ती बाई बरणी उतरवून तिला हलविते, तेल वर आले का पाहते आणि काही न बोलता पुन्हा बांधते; या न बोलण्याचा अर्थ लावण्यात घरातल्या मुलांच्या दोन-तीन सुट्ट्या जातात.

या हुकमतीच्या सरहद्दीही ठरलेल्या आहेत, आणि त्यांवरून तंटे होतात. देशावरच्या माणसाला लोणच्याचा खार लालभडक हवा, तेल तरंगायला हवे, आणि घास घेताच कानशिले तापायला हवीत. किनाऱ्याकडच्या पुष्कळ घरांत त्याच कैरीला गुळाचा हात लागतो, आणि मग त्या पदार्थाला लोणचे म्हणावे की मुरांब्याचे चुलत भावंड म्हणावे, यावर लग्नघरात वऱ्हाडी मंडळींची जुंपते. (गूळ घातलेले लोणचे मला आवडते, परंतु हे मत मी घाटाच्या वरच्या बाजूला उघड करीत नाही.) गोव्यात आणि तळकोकणात तर मसाल्याचीही अडचण वाटत नाही: कोवळ्या कैऱ्या, म्हणजे तोर, सबंधच्या सबंध मिठात घालून वर वजन ठेवून चेपतात, आणि आषाढात दारे बंद करून पाऊस कोसळत असता गरम पेजेबरोबर त्या तोराचा एक तुकडा ज्याने चोखला असेल, त्याला पंचवीस जिन्नसांच्या लोणच्याचा अभिमान सांगणाऱ्याची कीव येते. तिथेच कोळंबीला माडाच्या शिर्क्यात मुरवून बालचांव करतात, ज्याचे नाव काढताच देशावरची सोवळी बरणी फळीवरच शहारते. शिर्क्याचा हा नाद गोमंतकीयांना पोर्तुगीजांनी लावला. आणि येथे एक गोष्ट अशी सांगितली पाहिजे की जी ऐकून आमच्या लाल खाराच्या अभिमानी मंडळींना ठसका लागेल. ज्या मिरचीवाचून त्यांचे लोणचे लोणचेच नव्हे, ती मिरचीही त्याच फिरंग्यांनी सोळाव्या शतकात समुद्रापलीकडून आणलेली. त्यापूर्वी तिखटपणाचा सारा भार मिरी, मोहरी आणि आले यांच्या माथ्यावर होता. म्हणजे यादवांच्या देवगिरीत एकाही माणसाने लाल तिखटाची कैरी चाखलेली नव्हती, आणि तरीही राज्य चालले होते. आमच्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांना मी हे सांगितले, तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “म्हणूनच गेलं ते राज्य.”

कैरीची बरणी ही या दौलतीची राजधानी खरी. पण भोवती लहानमोठी ठाणी असतातच. करवंदे, भोकरे, आवळे, ओली हळद, हिवाळ्यात मिळणारा माइनमुळा, ओल्या मिऱ्यांचे घोस: जे जे आंबट, तुरट किंवा उग्र म्हणून एकट्याने खाता येत नाही, त्याला मिठाच्या तैनातीत घेऊन नरम आणण्याचे धोरण सर्वत्र एकच. यांत लिंबाच्या लोणच्याचा दर्जा वेगळा. ते जितके जुने तितके अधिकारी. वर्षे उलटतात तशी त्याची फोड तपकिरी होते, मग काळी होते, साल विरघळून जिभेवर नुसती खूण राहते, आणि अखेर त्याची गणना अन्नात न राहता औषधात होऊ लागते. तापातून उठलेल्या माणसाच्या मऊ भाताशेजारी त्या काळ्या ऐवजाचा नखाएवढा कण ठेवला जातो, आणि जिभेची चव परत येते. परंतु ते मिळण्यासाठी खरोखर ताप यावा लागतो. कपाळ चेपून, डोळे मिटून, कण्हून काम भागत नाही. आजी आधी हात लावून पाहते. तिच्या तळहाताचा थर्मामीटर फसविण्याइतका ताप आमच्यापैकी कोणालाही आणता आला नाही.

रोजच्या वाटपासाठी एक लहान बरणी असते, आणि मोठ्या बरणीतून तिच्यात किती उतरायचे यावर वर्षाची जमाबंदी ठरते. श्रावण सरेपर्यंत फोडी सढळ हाताने मिळतात. कार्तिकात “खार घे, फोड राहू दे” असे सुरू होते. फाल्गुनात तळाशी जे उरते त्यावर पोळीचा तुकडा फिरविण्याचा हक्क कोणाचा, याचा निकाल वयावर लागत नाही, मर्जीवर लागतो. पाहुण्यांचीही प्रतवारी आहे. जावयाला बाठ्यासकट मोठी फोड. दूरच्या नातलगाला मध्यम. घरभाडे वाढवून मागायला आलेल्या घरमालकाला नुसता खार, आणि तोही “संपत आलंय हो यंदा” या प्रस्तावनेसह.

अलीकडे या सत्तेचा विस्तार समुद्रापार झाला आहे. मुलगा किंवा मुलगी परदेशी निघाली की सामानातील पुस्तके, स्वेटर आणि प्रमाणपत्रे यांच्या वजनावर वाद होतात. लोणच्याच्या वजनावर होत नाहीत. डबा आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, तिच्यावर वर्तमानपत्राचे वेष्टण, त्यावर जुन्या साडीचा तुकडा, असे त्याचे चिलखत चढते, आणि इतके करूनही तेल बाहेर पडायचे असेल तर ते नेमके मुलाखतीसाठी शिवलेल्या पांढऱ्या सदऱ्यापर्यंत पोहोचते. मुलगी तिकडून विचारते की सदरा कशाने धुऊ. आई इकडून विचारते की लोणचे किती सांडले. ताज्या कैऱ्यांवाचून ज्यांना तेथे चैन पडत नाही, ते हिरव्या कठीण सफरचंदाच्या फोडींना आपला मसाला लावून पाहतात, आणि तो प्रकार वाईट लागत नाही; मात्र ही बातमी इकडच्या बरणीच्या कानावर जाऊ देत नाहीत.

या साऱ्या राजनीतीचे खरे मैदान मात्र शेजार हे आहे. लोणचे मुरले की नमुन्यादाखल एक वाटी शेजारी जाते. ती भेट दिसायला स्नेहाची, प्रत्यक्षात ती वकिलात असते. वाटी रिकामी परत करायची नाही हा तहनामा उभय पक्षी मान्य असल्यामुळे, चार दिवसांनी तीच वाटी शेजारच्या लोणच्याने भरून येते, आणि संध्याकाळच्या जेवणात ती मधोमध ठेवून पंचनामा सुरू होतो. फोड उचलून उजेडाकडे धरली जाते. बाठा आहे का, रंग कसा, तेल कशाचे, मेथी जळली आहे काय, यावर सर्वांचे जबाब घेतले जातात. घरातील पुरुष अशा वेळी वरणभाताकडे लक्ष ठेवतात, कारण शेजारचे लोणचे चांगले आहे असे म्हटले तर या घरात राहणे कठीण, आणि वाईट आहे असे म्हणावे तर पान पुसून झालेले सर्वांना दिसत असते. दुसऱ्या दिवशी दोन्ही सत्ताधीशांची गाठ गॅलरीत पडते.

“आवडलं का हो लोणचं?”

“अगबाई, सुरेखच झालंय! आमच्या ह्यांनी तर दोनदा मागून घेतलं. आमच्याकडे मीठ जरा बेताचं खातात, एवढंच.”

“हो ना, तुमचं खाल्लं तेव्हाच लक्षात आलं ते.”

वाटी अजून इकडेच आहे.